माझं विषुववृत्त गारठलं तेव्हा

समुद्र मी पहिल्यांदा शिकवला तो सव्विसाव्या वर्षी आणि पहिल्यांदा पाहिला तो चौतिसाव्या. मधली आठ वर्षं नागपुरात बसून, अंगावर एकही लाट न घेता, मी पोरांना सागरप्रवाह शिकवत होतो. पोरं पासही होत होती. यात त्यांचा दोष नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या कॉलेजात भूगोल हा विषय नुकताच सुरू झाला होता आणि तो शिकवायला कोणी मिळत नव्हतं म्हणून मी मिळालो होतो. दुसऱ्याच आठवड्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुम्ही समुद्र पाह्यला?"

मी म्हटलं, पाहिला. कोणता, तर अरबी. लाटा केवढ्या असतात? मी खडू फळ्याच्या वरच्या कडेला टेकवून दाखवला. वर्गात एकदम शांतता पसरली. त्या शांततेचा मला इतका मोह पडला की पुढच्या वर्षी मी लाट छतापर्यंत नेली. प्रत्यक्षात मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे फुटाळा तलाव, आणि त्यात म्हशी डुंबत होत्या.

अभ्यासक्रमात एक प्रकरण होतं, वारा आणि उष्णता यांच्यामुळे समुद्राचं पाणी कसं फिरत राहतं याचं. वारा वरच्या पाण्याला ढकलतो, इथवर ठीक होतं, ते फुटाळ्यालाही दिसतं. पण पुढे पुस्तकात पृष्ठभागावरच्या उष्णतेबद्दल दोन पानं होती आणि ती मला कधीच नीट कळली नाहीत. मी त्यांचं एक वाक्य करून टाकलं होतं. दरवर्षी तेच उतरवून द्यायचो. "वाऱ्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागावर उष्णतेची देवाणघेवाण होते." देतं कोण आणि घेतं कोण, हे एकाही पोरानं विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. 'देवाणघेवाण' हा शब्द असा सोयीचा आहे की त्याच्याखाली चार वर्षं माझं अज्ञान आरामात झोपलं होतं.

माझी नोकरी टेंपररी. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलअखेर कार्यमुक्त, पुन्हा जूनमध्ये प्राचार्यांच्या दारात उभं. अशी चार वर्षं झाली होती. सावनेरला माझ्या काकांचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी माझ्यासाठी एक लाकडी स्टूल करवून ठेवलं होतं. दर एप्रिलमध्ये ते भेटले की फक्त एवढंच विचारायचे, "स्टूल राहू देऊ का देऊन टाकू?" त्या प्रश्नात टोमणा नव्हता, चौकशी होती, म्हणून तो जास्त लागायचा. भूगोलात एम. ए. केलेला माणूस सावनेरच्या मेन रोडवर बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नसे.

पाचव्या वर्षी मार्चमध्ये प्राचार्यांनी मला बोलावलं. विद्यापीठाची समिती मे महिन्यात येणार होती. भूगोलाला प्रात्यक्षिकं लागतात, आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या नावानं एक पृथ्वीगोल होता आणि त्याचा ऑस्ट्रेलिया झिजला होता. प्राचार्य शांतपणे म्हणाले की समितीला काही दाखवता आलं तर विषय राहील आणि तुम्ही पर्मनंट व्हाल. नाही दाखवता आलं तर विषय जाईल, आणि विषय गेल्यावर तुम्हाला ठेवून मी काय करू? यावर मला सुचलं ते भलतंच. मी म्हणालो, "सर, मी समुद्र करून दाखवतो."

त्यांनी मला ते लेखी मागितलं.

असा मी समुद्र करायला निघालो. नागपूरच्या कडेला, वाडीला, ट्रकच्या बॉड्या बांधणारी वर्कशॉपं होती. तिथल्या एका सरदारजीला मी माप दिलं, सहा फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल पत्र्याची टाकी, आणि समोरच्या लांब बाजूला ट्रकची सपाट काच. त्यानं विचारलं, "मछली पालोगे, मास्टरजी?" मी म्हटलं, समुद्र करायचा आहे. त्यानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "फिर तो चूएगा." समुद्र गळायला लागला तो तिथेच. तीनदा वेल्डिंग, दोनदा डांबर, आणि हातगाडीवरून अमरावती रोडनं कॉलेजपर्यंत आणताना रस्त्यातले निम्मे ड्रायव्हर विचारत होते की कूलर केवढ्या खोलीचा आहे. त्यांना वाटलं ते माझ्यापेक्षा जास्त बरोबर होतं. पण ते पुढे.

भूगोलाची प्रयोगशाळा म्हणजे वरच्या मजल्यावरची, पश्चिमेच्या खिडकीची, कोणालाच नको असलेली खोली. तिच्यावर नेमलेले परिचर होते, त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. पन्नाशीचा माणूस. दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी कॉलेजात लागलो, असं ते अभिमानानं सांगत. लागले ते मात्र शिपाई म्हणून नव्हे. त्या काळी उन्हाळ्यात ऑफिसांच्या दारांना, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारायला एक माणूस ठेवत. बाहेरून लू आली की ओल्या वाळ्यातून थंड होऊन, सुगंधी होऊन आत यायची. मामा बरेच उन्हाळे प्राचार्यांच्या ताट्यांवर पाणी मारत होते. मग कूलर आले, ताट्या गेल्या आणि मामांना भूगोल मिळाला. दोघांनाही त्यातून बढती मिळाल्यासारखं वाटत नव्हतं.

मामांना टाकी आवडली. मी नाही आवडलो. माझ्या प्रत्येक प्रयोगाकडे ते हातातला पोछा थांबवून बघत आणि मग पुन्हा पोछा मारायला लागत. या पोछ्याच्या थांबण्याची मला धास्ती बसली.

मला दाखवायचं होतं ते असं. टाकीचं एक टोक विषुववृत्त, तिथे पाणी गरम. दुसरं टोक ध्रुव, तिथे बर्फ. ध्रुवाकडचं थंड पाणी जड होऊन तळाशी जाईल, तळातळानं विषुववृत्ताकडे येईल, आणि विषुववृत्ताचं गरम पाणी वरवरून ध्रुवाकडे जाईल. रंग दिसावा म्हणून गरम टोकाला लाल शाई, थंड टोकाला निळी. एवढंच. शाळेतल्या पोरालाही पटावं.

पहिल्या दिवशी मी पाणी तापवायचा रॉड विषुववृत्ताच्या तळाशी ठेवला. पाणी असं काही फिरलं की मी मामांना हात जोडले. तेवढ्यात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख जाता जाता डोकावले. हा माणूस दुसऱ्याच्या खोलीत फक्त चुका शोधायला यायचा आणि रिकाम्या हातानं कधी परत जायचा नाही. म्हणाले, "वा. समुद्राच्या बुडाशी चूल कोणी पेटवली?" मी म्हटलं, सर, सोयीसाठी. ते म्हणाले, "सूर्य वरून तापवतो हो. सोय त्याची बघा, तुमची नको."

बरोबर होतं, म्हणून चीड आली. मी रॉड वर घेतला, बर्फ अजून आणलेला नव्हता. वरचं पाणी गरम झालं, हलकं झालं, आणि हलकं झाल्यामुळे वरच बसून राहिलं. काहीही फिरेना. दोन दिवस मी त्या लाल थराकडे बघत बसलो, मधून रॉडचा एक झटका खाल्ला, आणि तिसऱ्या दिवशी मला ती कल्पना सुचली जिच्यासाठी हा सगळा प्रपंच सांगतो आहे.

मे महिना, कागदोपत्री मी कार्यमुक्त. बाहेर लू सुटलेली, खिडकीच्या गजाला हात लावला तर भाजत होता. मी विचार केला, रॉड हवा कशाला? विषुववृत्ताचं टोक खिडकीखाली सरकवतो. खिडकीत पंखा लावून बाहेरची लू पाण्यावर सोडतो. गरम वारा पाण्याला गरम करेल. वाऱ्याकडून पाण्याला उष्णता मिळेल. देवाणघेवाण! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वाक्याचा अर्थ लागला असं वाटलं.

मामांचा पोछा थांबला.

"सर," ते म्हणाले, "लू पाण्यावर सोडाल तं पाणी थंड होईल."

मी समजावणीच्या सुरात सांगितलं की मामा, बाहेरची हवा चव्वेचाळीस डिग्री आहे आणि टाकीतलं पाणी पस्तीस. गरम वस्तू थंड वस्तूला गरम करते, हा निसर्गाचा नियम आहे. मामा म्हणाले असेल बा. आणि पुढे म्हणाले की त्यांनी इतके उन्हाळे वाऱ्याला पाणी पाजलं, पण गरम झालेली ताटी एकदाही पाहिली नाही. मी म्हटलं, मामा, ती ताटी. हा समुद्र आहे.

हे वाक्य मी बोललो. साक्षीदार आहेत.

खरं म्हणजे त्याच खोलीच्या कोपऱ्यात माठ होता. मीच त्याला दर सकाळी वाऱ्याच्या झोतात सरकवून ठेवायचो, कारण आडोशाला ठेवला तर पाणी निवत नाही हे नागपुरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या घरी कूलर होता, त्यात रोज संध्याकाळी मी स्वतः पाणी भरायचो. पाण्यावरून गरम वारा गेला की काय होतं हे जगाच्या पाठीवर ज्या गावाला सगळ्यांआधी कळायला हवं, त्या गावात माझा जन्म झाला होता. आणि मी माठातलं थंडगार पाणी पिऊन, पेला उलटा ठेवून, त्याच माठाला पाठ करून सिद्ध करत होतो की लू पाणी तापवते.

समितीच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. बर्फाच्या कारखान्यातून मोठी लादी आणली, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. ध्रुवाच्या टोकावर धूळ पडू नये म्हणून फळीचं झाकण केलं, त्याखाली बर्फ सोडला. खिडकीत पंखा लावला. लाल इकडे, निळी तिकडे. आणि खरंच, निळी शाई धाग्याधाग्यानं खाली गेली, तळाशी पसरली, विषुववृत्ताकडे सरकली. मी खुर्चीवर बसून पाय ताणले. मामांनी खिडकीच्या टोकाला बोटं बुडवली आणि म्हणाले, "सर, हे टोक बी थंडच होऊन राह्यलं."

मी म्हटलं, बर्फाचं असेल. बर्फ इतका थंड होता की त्याच्यापुढे माझी चूक दिसली नाही. चूक झाकायची झाली तर बर्फाइतकं चांगलं पांघरूण नाही. फक्त ते वितळतं.

समिती अकराला येणार होती. मी नवा शर्ट घालून, टाकीत नवं पाणी भरून, काच पुसून, शाईचे ड्रॉपर भरून तयार. बर्फाची दुसरी लादी गोणपाटात. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बारा वाजता लाइट गेले. नागपुरात त्या उन्हाळ्यात लाइट रोज जायचे, पण वेळ ठरलेली नसायची. माझ्या बाबतीत ती ठरली. पंखा थांबला. मी कपाळाला हात लावला. मामा म्हणाले, पंखा कशाला पाहिजे, खिडकी सताड उघडतो, लू आपोआप येते. ते बरोबर होतं. त्यांनी खिडकी उघडली. वारा आडवा टाकीवरून वाहायला लागला, माझ्या विषुववृत्तावरून, आणि मी समाधानानं म्हटलं की तापू द्या.

एक वाजता समिती आली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसली, कारण वर येण्याइतका त्यांच्यात दम राहिला नव्हता. कँटीनचा फ्रिज बंद पडला होता. प्राचार्यांनी विचारलं, कॉलेजात बर्फ कुठे आहे? आणि कोणीतरी, ज्याचं नाव मला आजतागायत कळलं नाही, सांगितलं की भूगोलात आहे.

मी कपडे नीट करायला खाली नळावर गेलो होतो. परत आलो तर गोणपाट रिकामं. धावत केबिनशी गेलो. आत समितीचे तीन सभासद, प्राचार्य, भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख, सगळे कैरीचं पन्हं पीत होते, आणि ग्लासांत माझा ध्रुव किणकिणत होता. प्राचार्य मला बघून हसले, म्हणाले, "तुमच्यामुळे सोय झाली." मला रडू येईल असं वाटलं, आणि त्यांनी मलाही एक ग्लास दिला. मी तो प्यायलो. काय करणार, माझाच ध्रुव होता.

अडीच वाजता समिती वर आली. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, भूगोलाच्याच प्राध्यापक, जन्म आणि सगळं बालपण कोकणात, समुद्राकाठी. सुती नऊवारी, हातात छोटा पंखा, आणि प्रश्न विचारताना डोळे न हलवण्याची सवय. त्यांनी काचेतून टाकी पाहिली आणि म्हणाल्या, "छान केलंय. दाखवा."

माझ्याजवळ बर्फ नव्हता. पण मी मनाशी म्हटलं, लू तर आहे. अडीच तास खिडकी उघडी आहे. विषुववृत्त तापलेलं असेल, ध्रुव झाकणाखाली सावलीत. थोडा तरी फरक असणारच. मी छडी घेतली. शांत, भारदस्त आवाजात सांगितलं की हे खिडकीचं टोक म्हणजे विषुववृत्त. इथे गरम वाऱ्याकडून पाण्याला उष्णता मिळाली आहे. त्यामुळे इथलं लाल पाणी हलकं होऊन वरवर तरंगत ध्रुवाकडे जाईल, आणि झाकणाखालचं निळं पाणी जड होऊन तळाशी जाईल. आता बघा.

लाल शाई सोडली. ती क्षणभर वर राहिली आणि मग, अगदी डौलानं, बुडाली. लाल धागे तळाशी टेकले, पसरले आणि तळातळानं ध्रुवाच्या दिशेनं निघाले. दुसऱ्या टोकाला निळी शाई खाली जायचं नावच घेईना. ती वरवरून, हसत खेळत म्हणावं तशी, विषुववृत्ताकडे यायला लागली. मी सांगितलेल्या प्रत्येक शब्दाच्या नेमकं उलट. छडी माझ्या हातात तशीच वर होती. ती खाली घ्यावी हेही सुचलं नाही.

भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख खोकले. तो खोकला मला अजून ऐकू येतो.

बाईंनी पदर सावरला, हात खिडकीच्या टोकाला पाण्यात घातला, बाहेर काढला. टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, झाकण उचललं, तिथे हात घातला. मग म्हणाल्या, "तुमचं विषुववृत्त गारठलंय. ध्रुव कोमट आहे. का बरं?"

मला एकच गोष्ट दिसत होती, सावनेरच्या दुकानातलं ते स्टूल. आणि त्या स्टुलाच्या भीतीनं मी आयुष्यातली सगळ्यात हलकट गोष्ट बोललो. मी म्हटलं, "मॅडम, शाई परिचरांनी कालवली आहे. लाल शाई जड झाली असेल."

मामा दाराशी उभे होते. पोछा नव्हता, तरी काहीतरी थांबल्यासारखं झालं.

बाईंनी मामांकडे पाहिलं. म्हणाल्या, "शाई सोडा. पाणी का थंड झालं, तुम्हाला काय वाटतं?"

मामा माझ्याकडे न बघता बोलले. "वारा पाणी पेते, बाई. फुकट नाही पेत, अन् पाणी फुकट जात नाही. जाता जाता आपल्यातली गरमी घेऊन जाते. ज्या टोकाले वारा लागला ते थंड झालं. झाकणाखाली वाराच नाही, तं ते तसंच राह्यलं. म्या सरले सांगितलं होतं, पण त्याईनं म्हटलं का हा समुद्र हाय."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या की समुद्राचंही असंच असतं. हिवाळ्यात उत्तरेकडून, जमिनीवरून कोरडा वारा अरबी समुद्रावर येतो. वरचं पाणी त्याच्याबरोबर वाफ होऊन जातं आणि उष्णता नेतं. उरलेलं निवतं, खारटही होतं, जड होतं आणि खाली जातं. त्याची जागा घ्यायला दुसरीकडचं पाणी येतं. वारा ढकलतो म्हणून समुद्र फिरतो, तसा वारा उष्णता काढून नेतो म्हणूनही फिरतो. मग विचारलं, "तुम्ही समुद्र पाहिलाय?"

माझ्या वर्गातल्या लाटा, फळ्याची कड, छत, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, "नाही मॅडम. फुटाळा पाहिलाय."

"आणि माठ?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं. माठ वाऱ्याच्या झोतात, घामेजलेला, शांत उभा होता.

अहवाल जूनमध्ये आला. प्राचार्यांनी तो मला वाचायला दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. विषयाला मान्यता मिळाली होती, प्रात्यक्षिकाची सोय उत्तम असल्याचं लिहिलं होतं. माझ्याबद्दल एक ओळ होती: अध्यापकांना आपल्याच प्रयोगाचा अर्थ सांगता आला नाही, तो परिचरांनी सांगितला, सबब त्यांना कायम करण्याचा विचार पुढल्या भेटीत व्हावा. म्हणजे भूगोल पर्मनंट झाला, टाकी पर्मनंट झाली, मामा आधीच पर्मनंट होते. खोलीत टेंपररी असा मी एकटाच.

मामांची माफी मागायला मला चार दिवस लागले. मागितली तर ते म्हणाले, "माफी राहू द्या सर. आता मले सांगा, ताटी काहून थंड होते?" आणि मी सांगायला लागलो तर त्यांनी चार वाक्यांत दोनदा थांबवलं. 'देवाणघेवाण' या शब्दावर तर त्यांनी बंदीच घातली. कोण देते, कोण घेते, ते बोला. पुढचं वर्षभर मी अशा रीतीनं भूगोल शिकलो. पुढच्या मे महिन्यात तो प्रयोग आम्ही दिवसाआड केला आणि तो दर वेळी घड्याळासारखा झाला. लाल शाई खिडकीशी बुडे, तळानं जाई. निळी वरून येई. मी झोपेत सुद्धा सांगितलं असतं. बाईंच्या भेटीची मी वाट बघत होतो, असा दिवस त्याआधी कधी आला नव्हता.

बाई मे महिन्यात आल्याच नाहीत. तब्येतीमुळे भेट पुढे ढकलली आणि त्या आल्या जुलैच्या मध्यावर.

त्या दिवशी लाइट होते. पंखा होता. बर्फ कोणाला नको होता. फक्त खोलीतली हवा अशी दमट होती की फळ्यावर खडू उमटत नव्हता आणि मामांनी सकाळी मारलेला पोछा दुपारपर्यंत वाळला नव्हता. मी सकाळी दोन्ही टोकांना हात घालून पाहिला. सारखंच पाणी. दहाला पुन्हा पाहिला, सारखंच. मी मामांकडे पाहिलं. मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. या वेळी त्यांनी तोंड न उघडण्याचं ठरवलं होतं, हे मला स्पष्ट दिसलं, आणि मला त्यांचा असा राग आला की विचारू नका.

बाई आल्या, बसल्या. सोबत प्राचार्य आणि अर्थातच भौतिकशास्त्र. मी शाई सोडली. लाल शाई जिथे सोडली तिथेच ढगासारखी लोंबकळत राहिली. निळी तिच्या जागी. पाच मिनिटं झाली. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

बाई म्हणाल्या, "आज काय झालं?"

मी खरं सांगतो, माझ्या ओठांवर शाई आली होती. पुन्हा एकदा शाईच म्हणणार होतो. मग दिसलं की मामा या वेळी दाराशी नाहीत, टाकीपाशीच उभे आहेत, हात मागे बांधून.

मी म्हटलं, "मॅडम, आज हा प्रयोग होणार नाही. हवा पोटभर पाणी प्यायलेली आहे. ती आणखी पाणी घेत नाही, म्हणून उष्णताही नेत नाही. पाणी निवत नाही, म्हणून जड होत नाही, म्हणून बुडत नाही. नुसता गरम-थंडचा हिशेब लावून चालत नाही, वारा कोरडा किती आहे तेही बघावं लागतं." मग मी पंखा उचलला, टाकीच्या टोकाशी लांबीच्या दिशेनं ठेवला आणि चालू केला. लाल शाई वरवरून सरकत दुसऱ्या टोकाला गेली, पत्र्याला आपटून खाली वळली आणि तळानं हळूहळू परत यायला लागली. "ढकलणं आजही होतं आहे. निवणं होत नाही. दोन्ही वाऱ्याचीच कामं, पण वेगवेगळी. मागच्या वर्षी मला हे माहीत नव्हतं."

बाईंनी मामांना विचारलं, बरोबर सांगितलं का? मामा म्हणाले, "जमलं म्हणा. एक वर्ष गेलं."

भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख काही न शोधता परत गेले. त्यांच्यासाठी मला जरा वाईट वाटलं.

पर्मनंट झाल्याचं पत्र ऑगस्टमध्ये मिळालं. मी सावनेरला जाऊन काकांना दाखवलं. त्यांनी ते चष्म्याशिवाय, लांब धरून वाचलं, घडी करून परत दिलं आणि म्हणाले, "मंग स्टूल?" मी म्हटलं, द्या. ते एस. टी.च्या टपावर टाकून नागपूरला आणलं आणि प्रयोगशाळेत टाकीपाशी, खिडकीच्या बाजूला ठेवलं. मामांना म्हटलं, आता उभं राहायचं काम नाही, यावर बसून सांगत जा मी कुठे चुकलो ते.

मामा बसले, उठले, वाकून चारही पाय पाहिले.

"हलते सर हे," ते म्हणाले. "यावर बसून पंक्चर बी निघालं नसतं तुमच्यानं."